जॉन केजच्या क्वार्टेटमध्ये भारतीय अध्यात्म नेमकं ऐकू कुठे येतं?

स्वरवेडी

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलाय, पण थोडक्यात मांडता येईना.

मी लहानपणापासून ख्याल शिकतेय. पाश्चात्त्य संगीत बरंच उशिरा ऐकायला लागले, आधी बाख, मग बीथोवन, मग एकेक करत विसाव्या शतकापर्यंत आले. तीन आठवड्यांपूर्वी अमेरिकन संगीतकार जॉन केजचं 'स्ट्रिंग क्वार्टेट इन फोर पार्ट्स' पहिल्यांदा ऐकलं. १९४९ मध्ये पॅरिसला सुरू केलेलं, १९५० मध्ये न्यूयॉर्कला पुरं केलेलं, दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो, सगळं मिळून वीसेक मिनिटं. ऐकण्याआधी एवढंच वाचलं होतं की यामागे भारतीय विचार आहे, चार भाग म्हणजे चार ऋतू, आणि उन्हाळा म्हणजे स्थिती, पानगळ म्हणजे संहार, हिवाळा म्हणजे निश्चलता आणि वसंत म्हणजे सृष्टी.

आता असं वाचल्यावर आपण काय करणार, मी कान टवकारून बसले की कुठेतरी रागाची सावली दिसेल, कोणीतरी षड्ज धरून ठेवेल, गेला बाजार एखादी मींड तरी येईल. काहीच आलं नाही. मींड राहू दे, साधा व्हायब्रेटो, म्हणजे सुराचं हलकं कंपन, तेसुद्धा नाही. सूर येतो, सरळ उभा राहतो, जातो. मग दुसरा येतो, कधी एकटा, कधी तीन-चार सुरांचा गुच्छ, आणि आधीच्याचं त्याच्याशी काय नातं ते कळत नाही. आपल्याकडे गंधार लागला की तो कुठून आला आणि कुठे जाणार हे कानाला आधीच ठाऊक असतं. इथे तसं काही नाही, प्रत्येक सूर जणू आत्ताच जन्मलाय.

आणि तरी ते सोडवत नाहीये. परवा रात्री तिसरा भाग लावला, त्याचं नावच 'निअर्ली स्टेशनरी', जवळजवळ स्थिर. दिवे बंद, हेडफोन, मोबाईल दुसऱ्या खोलीत. पाच-सहा मिनिटांनी ध्यानात आलं की माझा श्वास संथ झालाय, अगदी विलंबितात सुरुवातीला षड्जावर थांबलं की होतो तसा. मी काही प्रयत्न केला नव्हता, झोपही आली नव्हती, उलट कान नेहमीपेक्षा जास्त जागे होते.

तर विचारायचं ते हे. यात भारतीय असं काय आहे? की ते फक्त कार्यक्रमाच्या पत्रकात लिहायला बरं असतं म्हणून? आणि जर काहीच नसेल तर मला परवा जे झालं ते कशाने झालं? ज्यांनी हे वाजवलंय किंवा नीट अभ्यासलंय त्यांनी प्लीज सांगा, मनापासून समजून घ्यायचंय.

---

हलका_बो

स्वरवेडी, तुमचा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसलो कारण हे क्वार्टेट मी वाजवलंय, आम्ही चौघं हौशी वाजवणारे आहोत, मी दुसरं व्हायोलिन, आणि या वीस मिनिटांवर आम्ही चार महिने घालवले.

आधी जे कानाला ऐकू येतं त्याबद्दल. व्हायब्रेटो नाही हे तुम्ही बरोबर पकडलंत, केजने तशी स्पष्ट सूचनाच दिलीय, व्हायब्रेटो करायचा नाही आणि बोवर, म्हणजे तारेवर घासायच्या गजावर, वजन अगदी कमीत कमी टाकायचं. वाचायला सोपं वाटतं पण आम्हाला लहानपणापासून शिकवतात काय तर भरीव टोन काढा, सूर हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे, आणि डाव्या हाताचं बोट तर आपोआप हलायला लागतं, ते थांबवणं म्हणजे चालताना हात न हलवण्यासारखं आहे. पहिल्या तालमीत आमचा आवाज भुतासारखा येत होता, मध्येच तुटायचा, कारण बो इतका हलका धरला की तार नीट धरतच नाही, सूर लागायच्या आधी नुसती फुसफुस ऐकू येते, केस तारेवर घासल्याची. दोन-तीन आठवड्यांनी ती फुसफुस नको वाटेनाशी झाली. ती सुराचा भाग झाली, श्वास आत घेतल्यासारखी.

आता आतली गोष्ट, जी नुसतं ऐकून कळायची नाही. केजने आधी सुरांचा एक साठा बनवला. काही एकटे सूर, काही दोन सुरांच्या जोड्या, काही तीन-चार सुरांचे गुच्छ. याला तो गॅमट म्हणतो. पूर्ण क्वार्टेट याच साठ्यातून बांधलंय, आणि नियम असा की साठ्यातली प्रत्येक गोष्ट दर वेळी तशीच वाजणार, त्याच वाद्यावर, त्याच तारेवर. म्हणजे समजा एक सूर वरच्या तारेवर सहज मिळतोय पण तो साठ्यात खालच्या तारेवर लिहिलाय, तर कितीही घाईची जागा असली तरी मला तिथेच जाऊन तो काढावा लागतो. कारण तार बदलली की रंग बदलतो आणि केजच्या लेखी मग तो वेगळाच ध्वनी झाला.

याचा परिणाम असा होतो की गाण्याची ओळ एकाच वाद्यावर कधी राहत नाही. एक सूर माझ्याकडे, पुढचा व्हायोलाकडे, मग चौघांचा मिळून एक गुच्छ, मग चेलोचा एकटा. आणि ते गुच्छ हार्मनी म्हणून येत नाहीत बरं का. ओळीत त्या जागी जो सूर हवा होता तो साठ्यात गुच्छातच बसलेला होता म्हणून अख्खा गुच्छ आला, बाकीचे सूर त्याच्याबरोबर आले, एवढंच. केज स्वतः याला साथ नसलेली एक ओळ म्हणायचा. चार वाद्यं मिळून एकच ओळ, जरा विचार करा, हे आपल्या कानाला परकं नसायला हवं.

म्हणून तुम्ही जे लिहिलंत की प्रत्येक सूर जणू आत्ताच जन्मलाय, ते मला इतकं पटलं की काय सांगू. वाजवताना तसंच वाटतं. आधीच्या सुराने ढकललं म्हणून पुढचा येत नाही. प्रत्येकाची जागा ठरलीय, तो आपल्या जागेवर बसलाय, वेळ आली की बोलतो आणि गप्प होतो.

अध्यात्म वगैरे त्यावर मी बोलणार नाही, माझा अभ्यास नाही. पण वाजवणाऱ्याचा 'मी' या पीसमध्ये फार लवकर गळून पडतो एवढं अनुभवाने सांगतो, कारण मी असा वाजवतो, माझा टोन असा, हे दाखवायला जागाच ठेवलेली नाहीये.

---

पानोपानी

वरचं उत्तर सुरेख आहे. मी वाजवत नाही, वाचते, तर वाचलेलं सांगते. भारतीय धागा नुसता पत्रकापुरता नाही, त्याची एक खरी गोष्ट आहे.

१९४६ मध्ये गीता साराभाई नावाची एक तरुण मुलगी न्यूयॉर्कला गेली. अहमदाबादच्या साराभाई घराण्यातली, विक्रम साराभाईंची बहीण, स्वतः पखवाज वाजवणारी. पाश्चात्त्य संगीताचा आपल्या संगीतावर जो परिणाम होतोय त्याची तिला काळजी वाटत होती, म्हणून ते नेमकं काय आहे ते समजून घ्यायला ती गेली होती. केजची आणि तिची अशी देवाणघेवाण ठरली की तो तिला काउंटरपॉइंट (एकाच वेळी चालणाऱ्या ओळी गुंफायचं तंत्र) आणि आधुनिक संगीत शिकवणार आणि ती त्याला भारतीय संगीत, पैशाचा व्यवहार नाही. केज तेव्हा चौतिशीत होता आणि त्याचे दिवस वाईट चालले होते, लग्न मोडलं होतं, आणि संगीताबद्दलही एक शंका त्याला खात होती. त्याला शिकवलं गेलं होतं की संगीत म्हणजे भावना दुसऱ्यापर्यंत पोचवणं, आणि त्याचा अनुभव असा की त्याने मनापासून दुःखाचं काही लिहिलं तर लोक हसायचे. मग लिहायचं कशासाठी?

त्याने गीताला विचारलं की तुझ्या गुरूंनी संगीताचं प्रयोजन काय सांगितलं. तिने सांगितलं, मन शांत आणि निवळ करणं, म्हणजे ते दैवी प्रभावाला पात्र होतं. केज हे वाक्य आयुष्यभर सांगत राहिला. आणि यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्याचा मित्र, संगीतकार लू हॅरिसन, याला जवळपास हेच वाक्य सतराव्या शतकातल्या इंग्रज संगीतकाराकडे, थॉमस मेसकडे, सापडलं. म्हणजे केजला वाटलं की हे पूर्वेचं किंवा पश्चिमेचं नाही, हे संगीताचंच जुनं काम आहे आणि मधल्या काळात आपण ते विसरलो. स्वरवेडी ज्या क्वार्टेटबद्दल विचारतायत ते केजने याच लू हॅरिसनला अर्पण केलंय.

परत जाताना गीताने त्याला रामकृष्ण परमहंसांच्या 'वचनामृता'चं इंग्रजी भाषांतर दिलं, स्वामी निखिलानंदांनी केलेलं, १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेलं. मोठं पुस्तक आहे ते. केज पुढचं वर्षभर तेच वाचत होता. त्याच सुमारास भारतीय कलेचे अभ्यासक आनंद कुमारस्वामी यांची पुस्तकं. कुमारस्वामींकडून त्याने दोन गोष्टी घेतल्या. एक रससिद्धान्त, आणि दुसरी ही कल्पना की कलेने निसर्गाच्या दिसण्याची नक्कल करायची नसते, निसर्ग ज्या पद्धतीने काम करतो ती पद्धत उचलायची असते.

रसांवर त्याने आधी 'सोनाटाज अँड इंटरल्यूड्स' लिहिलं, १९४६ ते ४८, सोळा सोनाटा आणि चार इंटरल्यूड, पियानोच्या पंचेचाळीस सुरांच्या तारांमध्ये स्क्रू, बोल्ट, रबराचे तुकडे घालून. त्याच्या मांडणीत वीर, शृंगार, अद्भुत, हास्य एका बाजूला, भय, क्रोध, शोक, जुगुप्सा दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये शांत, ज्याकडे बाकी आठही शेवटी झुकतात. आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रात रस मुळात आठच धरतात, शांत हा नववा नंतरचा आणि त्याच्यासाठी अभिनवगुप्ताने मोठा युक्तिवाद केलाय. केजने बरोबर तोच नववा उचलला आणि मधोमध ठेवला, हे मला योगायोगाचं वाटत नाही, त्याची गरजच तेव्हा ती होती. पुढे १९५१ मध्ये 'सिक्स्टीन डान्सेस' आलं, ते तर चेंबर ग्रुपसाठी आहे, बासरी, ट्रम्पेट, व्हायोलिन, चेलो, पियानो आणि तालवाद्यं, आणि त्यात नऊच्या नऊ भाव एकेक करून येतात. ज्यांना रस शोधायचेत त्यांनी ते ऐकावं.

क्वार्टेटमध्ये रस नाहीत, ऋतू आहेत. माझ्या मते ते पुढचं पाऊल आहे. रस माणसाच्या मनात असतात, ऋतू माणसाला विचारून येत नाहीत.

---

खडा_सवाल

सगळं वाचलं. माहितीबद्दल आभार, पण मला काही गोष्टी खटकतात आणि त्या स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

पहिलं म्हणजे भारतीय ऋतू सहा. वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद, हेमंत, शिशिर. चार ऋतूंची वाटणी युरोप-अमेरिकेच्या हवामानाची आहे. ज्या मांडणीत वर्षा ऋतूच नाही तिला भारतीय म्हणायचं? आपलं निम्मं काव्य आणि मल्हाराचे सगळे प्रकार पावसावर उभे आहेत.

दुसरं, कुमारस्वामींच्याच शिवतांडवावरच्या निबंधात शिवाची पाच कृत्यं सांगितली आहेत, सृष्टी, स्थिती, संहार, तिरोभाव आणि अनुग्रह. केजच्या चारात पहिली तीन सरळ दिसतात, चौथी निश्चलता, आणि अनुग्रह कुठे गेला? कृपा वगळून उरलेलं घ्यायचं म्हणजे आपल्याला सोयीचं तेवढं घेतल्यासारखं होतं.

तिसरं, वर्षभर भाषांतरं वाचून आणि काही महिने एका मैत्रिणीशी बोलून एखादी परंपरा कळते का? आपल्याकडे एक यमन नीट बसायला वर्षं जातात. मला केजबद्दल आकस नाही, पण भारतीय प्रेरणा हे शब्द पाहिले की आपण लगेच हरखून जातो, ते मला बरं वाटत नाही.

शिवाय त्या क्वार्टेटवर फ्रेंच संगीतकार एरिक सातीचा प्रभाव निदान तेवढाच आहे. केज १९४९ मध्ये पॅरिसमध्ये सातीवरच काम करत होता. न ढकलणारं, कुठेही न पोचणारं, पृष्ठभागावर शांत असलेलं संगीत सातीने त्याच्या आधीच लिहून ठेवलं होतं.

---

पानोपानी

@खडा_सवाल, राग कशाला, सातीचा मुद्दा मीच लिहायला हवा होता. तो पूर्ण मान्य. सहा ऋतूंचाही मान्य, केज जिथे राहत होता तिथले ऋतू त्याने घेतले आणि त्यांच्यावर इथला अर्थ ठेवला. पहिले दोन भाग तर त्याने जागेलाही बांधलेत, उन्हाळा फ्रान्समधला आणि पानगळ अमेरिकेतली. आणि १९४७ च्या 'द सीझन्स' या बॅलेमध्येही त्याने हीच चार अर्थांची मांडणी वापरली होती, म्हणजे ती कल्पना त्याच्यासोबत काही वर्षं होती, एका रात्रीत सुचलेली नव्हती.

पण अनुग्रहाबद्दल वेगळं मत आहे. भागांचा क्रम पाहा. सुरुवात उन्हाळ्याने, म्हणजे स्थितीने. मग संहार, मग निश्चलता, आणि शेवट वसंताने, म्हणजे सृष्टीने. त्याने गोष्ट उत्पत्तीपासून सुरू करून लयाला संपवली नाही. सगळं थांबल्यावर शेवटी काहीतरी उगवतं, आणि तो शेवटचा भाग आहे किती, जेमतेम दीड-दोन मिनिटं, एकदम चपळ, एखाद्या जुन्या लोकनृत्यासारखा. दहा मिनिटांच्या त्या गोठलेल्या हिवाळ्यानंतर तो येतो तेव्हा मला दर वेळी भरून येतं. त्याला काय नाव द्यायचं ते ज्याने त्याने ठरवावं, मला त्यात कृपा दिसते.

---

मात्रामोजणी

एक गोष्ट कोणीच लिहिली नाही म्हणून लिहितोय, काळाची. मला तबल्याची थोडी समज आहे, स्कोअर, म्हणजे लिहिलेलं संगीत, वाचता येतो, आणि या क्वार्टेटची खरी गंमत माझ्या मते बारच्या, म्हणजे स्कोअरमधल्या मात्रांच्या खणांच्या, हिशोबात आहे.

केजने एक प्रमाण ठरवलं. अडीच, दीड, दोन, तीन, सहा, पाच, अर्धा, दीड. बेरीज करा, बावीस येते. आता बावीस बारचा एक आवर्त धरा, त्याच्या आत वाक्यांची विभागणी याच प्रमाणात, अडीच बार, मग दीड बार, मग दोन असं. आणि असे एकूण बावीस आवर्त म्हणजे अख्खं क्वार्टेट, आणि ते चार भागांत विभागलंय तेही याच प्रमाणात. पहिल्या भागाला अडीच अधिक दीड म्हणजे चार आवर्त, दुसऱ्याला दोन अधिक तीन म्हणजे पाच, तिसऱ्याला सहा अधिक पाच म्हणजे अकरा, चौथ्याला अर्धा अधिक दीड म्हणजे दोन. हिवाळा बरोबर निम्मा आहे, हे ऐकताना जाणवतंच, पण तो निम्मा का ते इथे कळतं.

जे लहानात तेच मोठ्यात. आपल्याकडे पिंडी ते ब्रह्मांडी म्हणतात ना, ते इथे अक्षरशः बारमध्ये मोजून दाखवता येतं. केज असं करायला तालवाद्यांच्या रचनांमध्ये १९३० च्या दशकाच्या शेवटीच लागला होता, म्हणजे ही पद्धत त्याने भारतीय तालावरून घेतली असं मी म्हणत नाहीये. पण तिच्यामागचा विचार आपल्या ओळखीचा आहे. त्याचं म्हणणं असं की सूर आणि शांतता या दोघांमध्ये सामाईक गोष्ट एकच, लांबी. शांततेला उंची नसते, रंग नसतो, जोर नसतो, पण ती किती वेळ आहे हे मोजता येतं. म्हणून संगीताचा सांगाडा काळावर उभा करायचा, सुरांवर नाही. मग त्या सांगाड्यात सूर ठेवा किंवा शांतता ठेवा, घर तेच राहतं. रिकामा काल सुद्धा ठेक्याचा भाग असतो हे तबलजीला वेगळं सांगावं लागत नाही, खाली ही खाली म्हणूनच वाजते.

आणि एक विनंती, बावीस आकडा पाहून कोणी बावीस श्रुतींशी जोडू नका. हे बार आहेत, काळाचं माप आहे, स्वरांतरांचं नाही. ओढूनताणून जोडलं की जे खरं आहे तेही संशयास्पद होतं.

तिसऱ्या भागाबद्दल अजून एक. तो कॅनन आहे, म्हणजे तीच ओळ मागून परत येते, आणि इथे ती उलट्या क्रमाने येते, म्हणजे हिवाळ्यात काळ मागे जातो. तुम्हाला ते मुद्दाम कळत नाही, पण पाच-सहा मिनिटांनी आपण कुठे निघालो होतो हे कान विसरतो, तो बहुतेक त्याचाच परिणाम. स्वरवेडी यांनीही नेमकी तेवढीच मिनिटं लिहिलीत.

---

खडा_सवाल

@मात्रामोजणी, हे मला माहीत नव्हतं. खालीचं उदाहरण पटलं, खरंच पटलं.

माझा आक्षेप मी पूर्ण मागे घेत नाही, पण जरा बदलतो. केजने आपले सूर उचलले नाहीत. तानपुऱ्यासारखा आवाज मागे लावून वर चार स्वर गुणगुणले असते तर मला ते जास्त लागलं असतं, आणि तसं करणारे पुढे खूप झाले. त्याने प्रश्न उचलला, संगीत कशासाठी, आणि उत्तर आपल्या हत्याराने शोधलं. हे प्रामाणिक आहे, हे कबूल.

ज्यांना याच वाटेवरचं अजून ऐकायचंय त्यांना दोन नावं देतो. इटालियन संगीतकार जाचिंतो शेल्सी, त्याचं चौथं क्वार्टेट, १९६४ चं. त्याने प्रत्येक वाद्याच्या प्रत्येक तारेसाठी स्वतंत्र ओळ लिहिलीय आणि चारही वाद्यं मिळून एका सुराच्या आत शिरत जातात, श्रुतींच्या बारीक सरकण्याने हळूहळू वर चढतात. आपल्या कानाला ते केजपेक्षा लवकर आपलंसं वाटेल, स्वरलगाव काय असतो ते त्यात आहे. दुसरं इंग्रज संगीतकार जोनाथन हार्वी, 'भक्ती', १९८२, पंधरा वादक आणि टेप, पॅरिसच्या इर्काम या संगीत-संशोधन संस्थेसाठी केलेलं, आणि त्याच्या भागांना ऋग्वेदातल्या ओळी जोडल्यात. टेपवरचे आवाज बरेचसे त्याच वाद्यांचे, कॉम्प्युटरवर बदललेले, त्यामुळे वादक आणि त्याची सावली एकमेकांशी बोलतायत असं वाटतं. लांब आहे, पाऊण तासाच्या वर, सवड काढून बसा.

---

नवाश्रोता

मी अगदीच नवीन आहे. आत्ता वाचता वाचता क्वार्टेट लावलं होतं, पहिल्या भागातच अडकलो, मला फक्त कोरडं वाटतंय. सुरुवात कुठून करू? कुठलं रेकॉर्डिंग घेऊ?

---

हलका_बो

@नवाश्रोता, शेवटून सुरू करा. आधी चौथा भाग, दीड-दोन मिनिटं, तो दोन-तीनदा ऐका, त्यातले सूर कानात बसू द्या. मग तिसरा ऐका. साठा तोच असल्यामुळे तुम्हाला काही गुच्छ ओळखीचे वाटायला लागतील, फक्त आता ते फार दूर दूर येतात. मग पहिल्यापासून सलग. आवाज मोठा करू नका, उलट कमी ठेवा, कान पुढे जायला हवा. कोरडेपणा जाईल असं आश्वासन देत नाही, पण त्यातला फरक दिसायला लागेल, कोरडं म्हणजे रुक्ष वेगळं आणि कोरडं म्हणजे स्वच्छ पुसलेलं वेगळं.

रेकॉर्डिंग म्हणाल तर लासाल क्वार्टेटचं डॉइच ग्रामोफोनवरचं आणि आर्डिटी क्वार्टेटचं मोड या लेबलवरचं, दोन्ही ऐका. मला लासालचं जास्त भावतं.

---

स्वरवेडी

सगळ्यांचे किती आभार मानू कळत नाही. दोन दिवस काही लिहिलं नाही कारण तुमचं वाचून परत परत ऐकत होते.

माझी चूक मला कळली. मी भारतीय सूर शोधत होते. आता हलका_बो यांनी साठ्याचं सांगितल्यावर काल वेगळ्या तऱ्हेने ऐकलं. तिसऱ्या भागात एक गुच्छ आहे, पोकळ, जरा कडवट, खालून चेलो आणि वर काहीतरी काचेसारखं, तो येतो, जातो, मग बऱ्याच वेळाने परत येतो, आणि तस्साच येतो. जराही बदललेला नाही, आधीपेक्षा जोरात नाही, जास्त दुःखी नाही. मधल्या काळात मी बदललेली असते, तो नाही. माझ्या गुरुजींनी मला पहिली दोन वर्षं रोज पहाटे फक्त सा लावायला लावला होता, मी वैतागायचे, म्हणायचे आज पण तोच? ते म्हणायचे तो तोच आहे, तू बघ तू तीच आहेस का. काल तो गुच्छ चौथ्यांदा आला तेव्हा मला हे वाक्य इतक्या वर्षांनी आठवलं आणि मी पीस थांबवून नुसती बसून राहिले.

तर माझ्यापुरतं उत्तर मिळालं. यात आपला राग नाही, ताल नाही, ऋतूही पुरते आपले नाहीत. पण सुराला त्याच्या जागी राहू द्यायचं आणि आपण त्याच्यापाशी जायचं, हे आहे, आणि ते मी ओळखलं कारण ते मला घरी शिकवलं होतं.

हलका_बो, एकच विचारते. तो गुच्छ, पोकळ आणि कडवट, त्यात तुमच्याकडे, म्हणजे दुसऱ्या व्हायोलिनकडे, कुठला सूर असतो? आणि तो इतक्या वेळा तसाच्या तसा लावायचा म्हणजे हाताला काय वाटतं?

---

हलका_बो

तुम्ही कुठला म्हणताय त्याचा अंदाज आहे मला, पण तसे दोन-तीन आहेत, नक्की मिनिट सांगाल तर स्कोअर काढून बघतो आणि सांगतो.

हाताचं विचारलंत म्हणून. सुरुवातीला प्रत्येक वेळी मी तो जरा जरा वेगळा लावायचो, नकळत, थोडा मऊ, थोडा लांब, कारण मनात यायचं की लोकांना तेच तेच वाटेल. चेलोवाली एकदा तालमीत वाजवायची थांबली आणि म्हणाली, तू त्याला सजवतोयस, सोड. त्या दिवसापासून मी तो सूर आला की फक्त बोट ठेवतो, बो ठेवतो, आणि ऐकतो. परवा वाजवताना तो संपल्यावर बो हवेत तसाच धरून राहिलो होतो, पुढचा सूर माझा नव्हता, व्हायोलाचा होता, आणि तो यायला वेळ होता.